फल्लीदाण्याचं तिखट ड्रेसिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: भाजलेले फल्लीदाणे मिक्सरमधून काढते. लिंबू पिळून थोडं पाणी घातलं की पातळ व्हायच्या जागी घट्ट गोळाच होतो. तेल घातलं तर ते वर तरंगतं. नेमकं प्रमाण सांगा. (एक वाचक, पुसद)

ताई, पाणी जास्त झालं नाही, कमी पडलं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. त्यात चमचाभर पाणी पडलं की दाण्याचे कण ते शोषतात आणि एकमेकांना धरून बसतात. इथेच हात तेलाच्या बुधलीकडे जातो आणि सगळं फिसकटतं. पाणीच घालत राहा. कोमट, एका वेळी दोन चमचे, दरवेळी नीट फेटून. थोड्या वेळात गोळा सैल पडतो, रंग फिकट होतो आणि मऊ, ओतता येईल असं मिश्रण तयार होतं.

प्रमाण असं: 100 ग्रॅम भाजून सोललेले दाणे, लसणाच्या 4 पाकळ्या, दीड छोटा चमचा तिखट, 1 छोटा चमचा किसलेला गूळ, अर्धा छोटा चमचा मीठ, एका लिंबाचा रस आणि 120 ते 150 मिली कोमट पाणी. एवढं चार-पाच जणांना पुरतं.

आधी नुसते दाणे फिरवा. मिक्सर 20 सेकंद चालवायचा, थांबायचं, भांड्याच्या कडा खरवडायच्या, पुन्हा चालवायचा. कूट ओलसर होऊन चकाकायला लागला म्हणजे तेल सुटलं. लसूण, गूळ, मीठ, तिखट त्यानंतर. लिंबू आणि पाणी शेवटी. लसूण सुरुवातीलाच टाकला तर त्याच्या ओलाव्यानं कूट रवाळ राहतो. अर्ध्या तासात ड्रेसिंग आणखी आळतं, म्हणून हवं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा.

लाइन नसेल तर पाट्यावर वाटा. वेळ लागतो, पण चव उणी पडत नाही, उलट लसणाची चव जास्त उतरते.

प्रश्न: सगळं बरोबर करूनही कडवट लागतं. (एक वाचक, आर्वी)

बहुतेक वेळा दोष भाजण्यात असतो. मोठ्या आचेवर दाणा बाहेरून काळा पडतो आणि आत कच्चाच राहतो. जाड कढईत, मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं सतत हलवत भाजा. एक दाणा फोडून पाहा: आतून फिकट बदामी दिसला की लगेच ताटात पसरा. गरम कढईत तसेच ठेवले तर गॅस बंद असूनही भाजत राहतात. गार झाल्यावर चोळून सुपात पाखडा, कारण सालंही तुरट असतात. काळे ठिपके पडलेले दाणे मात्र वेचूनच काढा. मूठभर दाण्यांनी सगळी वाटी कडू होते. आणि लिंबाची बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका.

प्रश्न: भिवापुरी मिरचीचं तिखट वापरलं. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी वाढवलं तरी तिखटपणा कमी होत नाही. (एक वाचक, उमरेड)

होणारही नाही. मिरचीचा जहालपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणखी दाण्याचा कूट किंवा दोन चमचे घट्ट दही घाला. दही घातलं तर लिंबू कमी करा. तिखट कच्चं लागत असेल तर दोन चमचे तेल गरम करून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग त्यात तिखट टाका. कढत तेलात ते करपतं. मुरल्यावर तिखटपणा चढतो, म्हणून सुरुवातीला एकच चमचा घालून चाखा. हिरव्या मिरचीचा ठेचाही चालतो, आमच्या मते तर सांबारासोबत (म्हणजे कोथिंबिरीसोबत) तोच बरा.

प्रश्न: फ्रिज नाही. किती दिवस टिकेल? (एक वाचक, मूल)

पाणी आणि लसूण घातलेलं ड्रेसिंग त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस. टिकवायचंच असेल तर नुसता दाण्याचा कूट कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि जेवणाआधी लागेल तेवढाच भिजवा. खवट वास आला तर टाकून द्या. बुरशी धरलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे भाजण्याआधीच फेका. त्यांतलं अफलाटॉक्सिन हे विष भाजल्यानं पूर्ण जात नाही.

प्रश्न: काकडीवर घातलं की ताटात पाणीच पाणी होतं. (एक वाचक, अचलपूर)

चिरलेल्या काकडीला मीठ लावून 10 मिनिटं ठेवा, पिळा, आणि ड्रेसिंगमधलं मीठ तेवढं कमी करा. पत्ताकोबी, गाजर आणि वाफवलेली मोडाची मटकी यांना पाणी कमी सुटतं. काहीही घ्या, ड्रेसिंग मात्र पंगत बसल्यावरच कालवा, अर्धा किलो भाजीला चार-पाच मोठे चमचे. पाहुण्यांत कुणाला दाणे बाधत असतील तर त्यांची कोशिंबीर, चमच्यासकट, आधीच वेगळी काढा.