‘रीफ सेफ’ लिहिलंय म्हणून घेतली, चालेल ना?

ऑक्टोबर उजाडला, मालवणच्या होड्या परत पाण्यात उतरल्या की डाइव्हिंगला जाणाऱ्यांकडून मला येणाऱ्या मेसेजांपैकी निम्मे उन्हाचे असतात, कुठलं क्रीम लावू, लावू की नको, आणि क्रीमने कोरल, म्हणजे समुद्रातलं प्रवाळ, मरतं हे खरं का. यावेळी सगळे एकदमच घेतो.

ठाण्याहून एक ताई विचारतात: अंदमानला जातोय, ऑनलाइन एक सनस्क्रीन मागवलं, पुढे मोठ्या अक्षरात ‘रीफ सेफ’ (म्हणजे कोरलला सुरक्षित) आणि कासवाचं चित्र आहे. चालेल ना?

ताई, कासव विसरा आणि ट्यूब उलटी करा. ‘रीफ सेफ’ या शब्दाला कायद्यात काही ठरलेली व्याख्याच नाहीये, उद्या मी खोबरेल तेलाच्या बाटलीवर लिहिलं तरी कोण विचारणार. मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते ती वाचायची, मोबाइलने फोटो काढून झूम करा, नाहीतर चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही. आता गंमत अशी की कोरलला घातक म्हणून बातम्यांमध्ये ज्यांची नावं येतात ती ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट, पण आपल्याकडच्या ट्यूबवर ही नावं बहुतेकदा दिसतच नाहीत. ऑक्सिबेंझोन ‘बेंझोफेनोन-३’ म्हणून बसलेलं असतं आणि ऑक्टिनॉक्सेट ‘इथाइलहेक्साइल मेथॉक्सिसिनॅमेट’ म्हणून. हे दुसरं लांबलचक नाव आपल्या रोजच्या वापरातल्या कितीतरी क्रीममध्ये सापडेल, घरातली ट्यूब आत्ता बघा. तिसरं ऑक्टोक्रायलीन, तेही नको.

काय हवं, तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि शक्यतो ‘नॉन-नॅनो’, म्हणजे कण १०० नॅनोमीटरपेक्षा मोठे. झिंकसुद्धा अगदी धुतल्या तांदळाचं नाही बरं का, त्याचे अतिबारीक कण लॅबमध्ये कोरलला त्रास देताना दिसलेत. त्यातल्या त्यात बरं, एवढंच. आणि स्प्रे घेऊ नका, होडीवर वारा असतो, अर्धा स्प्रे शेजारच्याच्या तोंडात आणि उरलेला पाण्यात, डेक निसरडा होतो तो वेगळाच.

कोल्हापूरहून एक दादा, इंजिनियर आहेत म्हणे: एवढा मोठा समुद्र, माझ्या दोन चमचे क्रीमने काय होणार? हे सगळं फॅड नाही का?

दादा, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं सरळ नाहीये म्हणून जरा लांबवतो.

गाजावाजा सुरू झाला २०१५ मध्ये. क्रेग डाऊन्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिबेंझोनमुळे कोरलची पिल्लं, म्हणजे पाण्यात तरंगत जागा शोधणाऱ्या अळ्या, वेड्यावाकड्या होतात आणि पांढऱ्या पडतात. तेव्हापासून वाद आहे, की लॅबमध्ये जेवढं घातलं तेवढं खऱ्या समुद्रात असतं का. बहुतेक ठिकाणी खूपच कमी असतं. पण सगळा समुद्र सारखा नसतो ना. अंदमानातल्या हॅवलॉकच्या एखाद्या उथळ, बंदिस्त खाडीत सुट्टीच्या दिवशी स्नॉर्कलिंगवाले एकामागून एक उड्या मारतात तेव्हा होडीच्या कडेला पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग पसरतो, गॅरेजबाहेर पावसात दिसतो तसा, आणि तो भरती-ओहोटी हलवेपर्यंत तिथेच, खाली दोन-तीन मीटरवर कोरल.

मग २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ‘का’ शोधलं, ते मला जास्त पटतं. त्यांनी कोरलचा चुलतभाऊ सी-ॲनिमोन घेतला. ऑक्सिबेंझोन घालून सूर्यासारख्या पूर्ण उजेडात ठेवलेले सगळे १७ दिवसांत मेले आणि उजेडातली अतिनील किरणं काढून टाकली तर जगले. कारण काय, तर तो प्राणी हे केमिकल अंगाबाहेर टाकायला सोपं जावं म्हणून त्याला साखरेचा रेणू जोडतो, आणि तसं जोडलेलं रूप उन्हात विषासारखं वागतं. आपल्या कातडीवर जे ऊन अडवतं तेच त्याच्या पोटात गेलं की उन्हानेच त्याला मारतं. आणखी एक, कोरलच्या आत राहणारं शेवाळ यातला काही भाग स्वतःत साठवून ठेवतं, म्हणजे यजमानाला थोडंफार वाचवतं. पाणी तापलं की कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं, तेच ब्लीचिंग, आणि मग ती ढालही गेली. लक्षद्वीपला २०२४ मध्ये पाणी किती तापलं होतं आणि किती कोरल पांढरं पडलं ते तिथे डाइव्ह केलेल्यांना विचारा.

तर माझं मत असं की कोरलचा मोठा शत्रू तापलेलं पाणीच आहे, क्रीम नाही. मालवणात तर क्रीमच्या आधी नांगर, कोरलवर ठेवलेला पाय, आणि माशांना चारलेला ब्रेड यांचा नंबर लागतो (ब्रेडवर एकदा वेगळं भांडायचंय). पण तापलेलं पाणी तुमच्या हातात नाही, ट्यूब आहे, आणि दुसरी ट्यूब घ्यायला काही कष्ट पडत नाहीत.

नाशिकहून: वेटसूट, म्हणजे डाइव्हिंगचा रबरी सूट, घातल्यावर सनस्क्रीन लागतंच कशाला?

बरोबर बोललात, फारसं लागतच नाही आणि मला सगळ्यांना हेच सांगायचंय. ऊन पाण्याखाली कमी आणि होडीत जास्त लागतं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा ट्राय डाइव्ह करणारे पाण्यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असतात पण नंबर येईपर्यंत होडीत तास-दीड तास, डोक्यावर छप्पर नाही, समोरून पाण्याची चकाकी, आणि वेटसूट कमरेपर्यंत उतरवून बाह्या बांधलेल्या कारण उकडतं. भाजतात ती खांदे, मानेची मागची बाजू, कान, भांग आणि पावलांचा वरचा भाग. पहिल्या अंदमान सीझनला माझी पावलं अशी भाजली होती की आठवडाभर चप्पल घालता येईना, फिन्स तर लांबच, आणि लोकांना मी ‘काळजी घ्या’ सांगत होतो.

म्हणून आधी कपडे. यूपीएफ ५० लिहिलेला फुल बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट), म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमीच आत येतो आणि तो घामाने-पाण्याने धुऊन जात नाही. ओला पांढरा सुती टीशर्ट मात्र त्यामानाने खूपच कमी अडवतो. खाली लेगिंग्ज, गळ्यात बफ, म्हणजे मानेभोवतीची कापडी पट्टी, होडीत टोपी, दोरीवाली, नाहीतर ती समुद्राची. अख्ख्या अंगाला नीट क्रीम लावायचं तर एका वेळेला साधारण ३० मिली लागतं, म्हणजे ५० ची ट्यूब दोनदासुद्धा पुरत नाही, आणि आपण लावतो वाटाण्याएवढं. कपडे घातले की उरतो चेहरा, कान, हातांचे पंजे, पावलं. त्याला भरपूर लावा, पाण्यात उतरायच्या १५-२० मिनिटं आधी, म्हणजे ते कातडीवर बसतं.

दुबईहून: क्रीम लावलं की डोळे झोंबतात आणि डाइव्हिंगच्या मास्कमध्ये पाणी गळतं. मास्क बदलू?

थांबा, मास्क बदलू नका. मास्कची सिलिकॉनची कड जिथे टेकते तिथे, म्हणजे कपाळावर भुवयांच्या वर आणि नाकाखाली, क्रीम लावायचंच नाही, तिथे तसंही मास्क असतो. गालांची हाडं, नाक, कान यांना झिंकची घट्ट स्टिक लावा, ती ओघळत नाही. आणि क्रीमचा हात मास्कच्या आत घालू नका, आधी हात पुसा मग थुंकी चोळा, तेलकट बोटं काचेला लागली की कितीही थुंकलात तरी धुकं येतंच. मिशी असेल तर गळण्याचं कारण तीही असू शकते, पण ते ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं.

साताऱ्याहून एक ताई: झिंकने चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो, शिवाय मला वांग आहेत. आणि सासूबाई म्हणतात खोबरेल लाव.

खोबरेल केसांना लावा, उन्हाला ते अडवत नाही, भाजून झाल्यावर पहिल्या दिवशी तर कातडीवर थापूच नका, गार पाणी घ्या. पांढरेपणावर उपाय टिंटेड झिंक, त्यात आयर्न ऑक्साइड असतं, रंग आपल्या कातडीशी जमतो आणि वांग वाढवण्यात नुसत्या अतिनील किरणांचाच नाही, दिसणाऱ्या उजेडाचाही हात असतो, तोही हे थोडा अडवतं. म्हणजे तुमच्यासाठी उलट हेच चांगलं. एक मात्र बघा, पिंपल्ससाठी किंवा मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिनची गोळी चालू असेल तर ऊन दुप्पट बाधल्यासारखं होतं, गोळी स्वतःहून बंद करू नका, जायच्या आधी डॉक्टरांशी बोला.

पुण्याहून एक काका: ग्रुप टूरने क्राबीला चाललोय, क्रीम जप्त करतात का?

काका, थायलंडने ऑगस्ट २०२१ पासून सागरी नॅशनल पार्कांमध्ये चारपैकी कुठलाही घटक असलेली क्रीम आणायला आणि वापरायला बंदी केलीय, ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेंझिलिडीन कॅम्फर आणि ब्यूटिलपॅराबेन, दंड १ लाख बाथपर्यंत. पालाऊ या पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांच्या देशात तर १ जानेवारी २०२० पासूनच दहा घटक बंद, आणि हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम दुकानात अशीच विकता येत नाहीत. फी फी बेटांची बोट पकडायच्या आधी हॉटेलवरच सगळ्या ट्यूब तपासा, तुमच्या आणि काकूंच्याही, कारण पर्समधली एक छोटी ट्यूब नेहमी राहून जाते.