नवी चिप, भिशी आणि अधिक महिना

प्रश्न कराडच्या एका वाचकाचा आहे. वय ३४, लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग हा पूर्णवेळ धंदा. वर्षाला साधारण ७ लाखांची बिलं होतात. कॉम्प्युटर २०१७ सालचा, सातव्या पिढीचा आय-७, सोबत जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम. गेल्या वर्षी नवा कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून एडिटिंग करताना व्हिडिओ अडखळायला लागला. मेव्हण्याने मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून २,१२,००० रुपयांचं कोटेशन आणून दिलंय. एडिटर मित्र म्हणतो, 'सहा महिने थांब, नवीन चिप येतायत, ह्याच पैशात दुप्पट मशीन मिळेल.' हिशेब बघणारे गृहस्थ म्हणतात, 'मार्चच्या आत घे, टॅक्स वाचेल.' हाताशी २,६०,००० रुपये आहेत, एफडी आणि बचत खातं मिळून. महिन्याचा खर्च ३०,०००, त्यात भिशीचे ५,००० आले. ही भिशी बोली लावून आत्ताच उचलावी का, हेही त्यांनी विचारलंय.

आधी टॅक्सचं, कारण ते दोन मिनिटांत निकालात निघतं. तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली रिटर्न भरता. तिथे बिलांच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरला जातो आणि कॉम्प्युटरचा घसारा त्यात वजा झालाच आहे असं मानलं जातं. एरवी हिशेबाची वही ठेवणाऱ्याला कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच. म्हणजे मार्चमध्ये धावपळ करून त्यालाही फारसं काही साधत नाही. तुमच्या बाबतीत तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. जो कर लागतच नाही तो वाचवायला दोन लाख कशाला खर्चायचे? जीएसटीचंही तसंच. तुमची नोंदणी नाही, त्यामुळे कोटेशनमधला १८ टक्के जीएसटी हा तुमच्यासाठी निव्वळ खर्च आहे, परत काही मिळणार नाही. तरीही बिल पक्कंच घ्या. बिनबिलाचा माल आठ-दहा हजारांनी स्वस्त मिळेलही, पण उद्या कार्ड बिघडलं तर वॉरंटी मागायला हातात कागद हवा.

आता मित्राचा सल्ला. 'थांब' म्हणण्यात तो अगदीच चुकत नाहीये, पण कारण चुकीचं देतोय. नवी चिप कायमच यायची असते. ॲपलची एम१ २०२० साली आली, एम५ ऑक्टोबर २०२५मध्ये; मधल्या पाच वर्षांत कुठल्याही दिवशी विचारलं असतं तरी 'पुढची येतेय' हेच उत्तर खरं ठरलं असतं. थांबायचंच असेल तर एक प्रश्न विचारून थांबावं : येणारी चिप असं कोणतं काम करणार आहे, जे आजची करत नाही?

तुमची अडचण मी मुद्दाम नीट वाचली. नवा कॅमेरा १०-बिट, ४:२:२ असं, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणारं फुटेज देतो. हा प्रकार उलगडण्यासाठी, म्हणजे डीकोड करण्यासाठी चिपमध्ये वेगळी सोय लागते. ती तुमच्या १०६०मध्ये नाही आणि सातव्या पिढीच्या आय-७मध्येही नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फुटेज चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयू शंभरला टेकलेला दिसेल आणि जीपीयूखाली 'व्हिडिओ डीकोड' नावाचा जो आलेख असतो तो आडवा पडलेला. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने ४:२:२ची सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली, आणि ती मालिका जानेवारी २०२५मध्ये जाहीर झाली. तुम्हाला हवी असलेली चिप येऊन वर्ष उलटलं. पुढची आली तर ती जास्त वेगवान असेल, पण तुमचं अडलेलं काम आजचीच सोडवते.

'थांबलं की स्वस्त होतं' हा दुसरा समज. कॉम्प्युटरच्या बाबतीत तो बऱ्याचदा खरा ठरलाय, म्हणूनच तो इतका पक्का बसलाय. पण २०११मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्क महाग झाल्या. २०२१च्या सुमाराला ग्राफिक्स कार्डं छापील किमतीला मिळत नव्हती. आणि आत्ता रॅमची पाळी आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा एवढा माल उचललाय की २०२५च्या शेवटापासून भाव भडकलेत. मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमच्या कोटेशनमध्ये ६४ जीबी रॅमचेच ६०,००० लावलेत, ते त्यामुळेच. ऑक्टोबरपर्यंत हे भाव उतरतील की आणखी चढतील, यावर मी पैज लावणार नाही. तुम्हीही लावू नका.

मात्र कोटेशनला कात्री लावा. मेव्हण्याने मायेने केलंय, पण त्यात हौस बरीच शिरलीय. २२,०००चा मॉनिटर आत्ता नको, आहे तो चालतोय. ६४ऐवजी ३२ जीबी घ्या, दोन पट्ट्यांत; ३०,००० वाचतात. ५८,०००च्या कार्डाऐवजी त्याच ५० मालिकेतलं ५०६० टीआय, १६ जीबीचं, ४६,०००ला. तुमच्या कामाला ते पुरेल. पाण्याने गार होणारा कूलर आणि दिव्यांचं कॅबिनेट काढून साधं घेतलंत तर आणखी ५,०००. हे सगळं वजा करून आकडा १,४३,०००वर येतो. यात मी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एसएसडीला हात लावलेला नाही, कारण तिथे काटकसर केली तर दोन वर्षांत पुन्हा दुकानात जावं लागतं.

खरी अडचण मला चिपमध्ये नाही, पंचांगात दिसते. यंदा, म्हणजे २०२६ला, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे ऐन सुट्टीत, जेव्हा एरवी तुम्हाला दिवसाला दोन-दोन लग्नं असतात, तेव्हा मुहूर्तच नाहीत. त्यानंतर आषाढीपर्यंत जेमतेम सव्वा महिना, आणि मग थेट तुळशीच्या लग्नापर्यंत शुकशुकाट. पगारदार माणसाला मी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणतो. तुमच्यासारख्याला यंदा सहा महिन्यांचा हवा, म्हणजे १,८०,०००. ते पैसे एफडीत राहू द्यात आणि ती एफडी मोडायची नाही. मग कॉम्प्युटरसाठी उरतात ८०,०००. कात्री लावूनही १,४३,००० त्यात बसत नाहीत.

म्हणून माझं मत : खरेदीचे दोन तुकडे करा. आत्ता फक्त ग्राफिक्स कार्ड आणि त्याला झेपेल असा पॉवर सप्लाय, मिळून ५१,०००. दोन्ही जुन्या मशीनमध्ये बसवा. जुन्या बोर्डवर कार्डाचा पूर्ण वेग मिळणार नाही, पण व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरवरून उतरेल, आणि या सीझनला तुम्हाला तेवढंच हवंय. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट हे उरलेलं ९२,०००चं सामान ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्या. कार्ड आणि सप्लाय नव्या मशीनमध्ये जसेच्या तसे जातील. तोवर काही नवी चिप आली असेल तर उत्तम, त्या दिवशी जे योग्य भावात मिळेल ते घ्यायचं.

ऑक्टोबरच का, तर तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. ती नोंदणी केली नसेल तर आजच करा. गिऱ्हाइकांचे फोटो आणि बँकेचे व्यवहार एकाच मशीनवर असताना त्यापुढे ताणू नये. नवं मशीन आलं की जुनं विकू नका, त्याची नेटची वायर काढा आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डं रिकामी करायला व बॅकअपला ठेवा. १०६० जपून ठेवली असेल तर ती परत त्यात जाईल.

आता भिशी. वीस जणांची, महिना ५,०००, म्हणजे १ लाखाची रक्कम; जो सगळ्यात कमी पैशाला तयार होईल, त्याला ती मिळते. आत्ता उचलायची तर बोली ८६,०००पर्यंत खाली जाईल असं तुम्ही लिहिता. ऑक्टोबरात बोली लावणारे दोघंच उरतील, तेव्हा ९८,०००च्या आसपास मिळतील. आठ महिने आधी पैसे मिळावेत म्हणून १२,००० सोडायचे, म्हणजे ८६,०००वर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या घरात व्याज झालं. पतसंस्थाही इतकं घेत नसेल. त्यात सहा महिन्यांच्या 'नो-कॉस्ट' हप्त्याचा मोह पडेल, तर तिथेही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी हळूच येतो. तुम्हाला त्याची गरज नाही. भिशी ऑक्टोबरात उचला, ९२,०००चं सामान त्यातच येतं. एवढं मात्र खरं की शेवटी उचलणारा सगळ्यात जास्त जोखीम घेतो, कारण तोवर त्याचे पैसे दुसऱ्यांच्या हातात असतात आणि कागद कुठेच नसतो. चालवणारे तुमचे पंधरा वर्षांचे शेजारी आहेत आणि एकही हप्ता अडलेला नाही, असं लिहिलंत म्हणून मी हे सुचवतोय. नवख्या माणसाची भिशी असती तर तोटा सोसून आजच उचला म्हणालो असतो.

काहीच न घेता सीझन काढला तर? तुम्ही लिहिलंय की गेल्या सीझनला तीन फिल्म बाहेर एडिटिंगला द्याव्या लागल्या, प्रत्येकी १२,०००ला. हे ३६,००० सगळेच्या सगळे जुन्या मशीनच्या माथी मारू नका; एका मुहूर्तावर दोन लग्नं घेतली की माणूसही कमी पडतोच. मी निम्मे धरतो, १८,०००. कार्ड चार वर्षं चाललं तर वर्षाला साडेअकरा हजार पडतात. गणित जमतं, अगदी दणक्यात नाही, पण जमतं. पूर्ण २,१२,००० याच कसोटीला लावले तर ते जमत नाही.

मॅक मिनी या ॲपलच्या छोट्या कॉम्प्युटरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हे वाचून कुणीतरी नक्की सुचवेल. एम४ची मॅक मिनी भारतात ५९,९००ला आली होती आणि हे फुटेज ती आरामात चालवते. सगळं काम प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरवर असतं तर मी तिचा गंभीरपणे विचार करायला सांगितलं असतं. पण तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांचं काम एडियसवर आहे, आणि ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. शिवाय तिची रॅम पुढे वाढवता येत नाही.

पैसे मोजण्यापूर्वी एक करा. गावात किंवा साताऱ्यात कुणाकडे ५० मालिकेचं कार्ड असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याकडे जा, पेनड्राइव्हवर तुमच्याच कॅमेऱ्याच्या पाच-सहा क्लिप आणि एक छोटा प्रोजेक्ट घेऊन. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ज्या व्हर्जनवर तुम्ही रोज बसता, त्यातच चालवून बघा, कारण चिपमध्ये सोय असली तरी सॉफ्टवेअरने ती वापरावी लागते. 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख वर उठला आणि क्लिप सरळ चालली तर दुसऱ्या दिवशी कार्ड मागवा. आलेख आडवाच राहिला तर ५१,००० खर्चू नका. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून हा सीझन काढा, रात्री लावून झोपायचं, फुकट आहे. मग ऑक्टोबरात पूर्ण मशीन एकदम घ्या, आणि तेव्हाचं कोटेशन मला पाठवा.