प्रयोगशाळेत जमलेला प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला की निकाल का बदलतो?

कारण आकार वाढताना सगळं सारख्या पटीत वाढत नाही. लांबी दुप्पट केली तर पृष्ठभाग 4 पट होतो, पण घनफळ 8 पट. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून, तयार होते ती आतल्या सगळ्या मालात. खरी मेख इथेच आहे.

आमच्या नागपुरात संत्र्याच्या साली भरपूर. त्या बादलीत कुजवल्या तर फारशा तापत नाहीत, कारण उष्णता लगेच निघून जाते. त्याच साली इतर ओल्या-सुक्या कचऱ्यासोबत घालून कमरेएवढा ढीग करा, आतलं तापमान 55-60 अंशांवर जाऊ शकतं. जिवाणू वेगळे, वेग वेगळा, खतही वेगळं. म्हणून बादलीतला निष्कर्ष ढिगाला लावू नये. रसायनांच्या टाकीत हीच चूक स्फोटापर्यंत नेते. मधला, मध्यम आकाराचा प्रयोग वगळणं मला तरी अक्षम्य वाटतं.

गॅलिलिओने 1638 मध्येच दाखवलं होतं की मोठ्या प्राण्याची हाडं प्रमाणापेक्षा जाड लागतात. वजन घनफळासोबत वाढतं, हाडाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळासोबत.

नमुन्याची संख्या हा वेगळा मुद्दा: 100 ऐवजी 400 झाडं मोजलीत तर योगायोगाने येणारी चूक निम्मी होते, पाव नाही.