रिव्हर ब्लाइंडनेसवर (काळ्या माशीच्या चाव्यातून येणारा, आंधळं करणारा जंतांचा रोग) आयव्हरमेक्टिनची गोळी एकदाच देऊन का भागत नाही?

कारण गोळीने मोठा जंत मरत नाही. या रोगाच्या जंताची, म्हणजे आंकोसर्काची, मादी कातडीखालच्या गाठीत 10-15 वर्षं जगते आणि रोज शेकडो पिल्लं सोडते. खाज आणि आंधळेपण येतं ते या पिल्लांमुळे, म्हणजे कातडीत आणि डोळ्यात ती मरतात तेव्हा येणाऱ्या सुजेमुळे. गोळी पिल्लं मारते, मादीला काही महिने वांझ ठेवते. मग ती पुन्हा सुरू. म्हणून मादी म्हातारी होऊन मरेपर्यंत वर्षातून एकदा-दोनदा डोस.

आफ्रिकेतल्या गावांत डोस ठरवायला वजनकाटा नसतो, उंची मोजायची खुणांची काठी असते. उंची 90 ते 119 सेंमी असेल तर 3 मिग्रॅची एक गोळी, 159 किंवा त्याच्या वर चार. 90 च्या खालचं मूल, गरोदर बाई, बाळंतीण (पहिला आठवडा) यांना नाही.

खरी गोची मध्य आफ्रिकेत आहे. तिथे दुसऱ्याच माशीतून येणारा लोआ लोआ जंतही असतो. त्याची पिल्लं रक्ताच्या एका मिलीत 30,000 च्या वर असतील, तर याच गोळीने माणूस कोमात जाऊ शकतो. तिथे आधी रक्त तपासा.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने आंकोसर्काची मादीही मरते, पण ते चार-सहा आठवडे रोज घ्यावं लागतं. अख्ख्या गावाला ते कोण देणार?