फर्स्ट कॉपी, नक्कल की तोतया?

प्रश्न असा आलाय, की पोरासाठी टीव्हीला लावायचा जुन्या गेमचा डबा घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला "ताई, डुप्लिकेट नाहीये हा, फर्स्ट कॉपी आहे", तर या दोन्हीत फरक काय आणि मराठीत त्याला धड शब्द आहे का?

आधी दुकानदाराचं बघू. ‘फर्स्ट कॉपी’ हा बूट-घड्याळांच्या बाजारातला शब्द, अर्थ एवढाच की माल नकली आहे पण लांबून कोणाला कळणार नाही. ‘डुप्लिकेट’ची जरा गंमत आहे. चावी डुप्लिकेट करून घेतली तर कोणी नाक मुरडत नाही, कुलूप उघडलं म्हणजे झालं, पण चार्जर डुप्लिकेट निघाला की तीच शिवी होते. नक्कलचंही तसंच. परीक्षेत नक्कल केली तर मार, पण सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली तलाठी काय लिहायचा आठवतंय का? ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’. खरी नक्कल! यात कमीपणा काही नाही, उलट सही-शिक्का. आणि बरहुकूम म्हणजे ‘-प्रमाणे, तंतोतंत’. तुमच्या प्रश्नात मला हाच शब्द सगळ्यात कामाचा वाटतो, कारण असल्या डब्याचा दर्जा म्हणजे शेवटी तो अस्सलाबरहुकूम चालतो का एवढंच, त्यावर कोणाचं नाव छापलंय ते नंतर.

आता अस्सल कुठलं? बहुतेक वेळा १९८३ साली जपानात आलेलं निन्टेंडो कंपनीचं फॅमिकॉम, टीव्हीला जोडायचं गेम-मशीन. आपण लहानपणी ज्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो (म्हणजे ते मशीनच, "त्यांच्याकडे व्हिडिओ गेम आहे", आणि खेळाला मात्र ‘कॅसेट’, आत टेप नावाला नाही तरी कॅसेट, आणि चालली नाही की फुंकर) ती बहुतेक या फॅमिकॉमची पोटजातच होती. मूळ मशीनमधले वेगवेगळे भाग एकाच चिपमध्ये कोंबलेले, आणि ती चिपसुद्धा कित्येकदा दिसत नाही, बोर्डावर नुसता काळ्या डिंकाचा थेंब, ना नाव ना नंबर. वरचं खोकं हवं तसं, कधीकधी तर हुबेहूब प्लेस्टेशनसारखं आणि आत मात्र मारिओ.

याला माझा शब्द तोतया. पानिपतात सदाशिवरावभाऊ गेले आणि पुढे "मीच भाऊ" म्हणत एकजण उभा राहिला, बरीच माणसं त्याच्यामागे गेली, शेवटी १७७६ मध्ये त्याला मारलं, त्यामुळे हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तोतया नुसता सारखा दिसत नाही, तो ‘मीच तो’ असा दावा करतो. म्हणून नकली, बनावट यापेक्षा हा शब्द नेमका बसतो.

आणि या तोतयाला आवाजावरून पकडता येतं बरं का! फॅमिकॉमचं संगीत मुख्यतः चौकोनी लाटांवर चालतं, त्या लाटेची रुंदी बदलली की सूर तोच राहतो पण आवाजाचा पोत बदलतो, आणि या नकली चिपांपैकी बऱ्याच जणींमध्ये २५ टक्के आणि ५० टक्के रुंदीची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे मारिओची धून ओळखू येते पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, जसं सर्दी झालेल्या माणसाचा फोन आल्यावर वाटतं. दुसरी खूण वेगाची. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचे, आपले पाल पद्धतीचे ५० वेळा, त्यामुळे गेम साधारण १७ टक्के संथ. हा दोष एकट्या तोतयाचा नाही, युरोपात अस्सल मशीनवरही बरेच गेम असेच रेंगाळायचे. आणि ते ‘९९९९९९ इन १’ म्हणजे... जाऊ दे, तेच वीस-तीस गेम, नुसती लेव्हल बदलून परत परत.

आता दुसरी जात, हिला मी बहुरूपी म्हणतो. बहुरूपी फौजदार बनून दारात येतो, दरडावतो, सगळ्यांना माहीत असतं हा फौजदार नाही, तरी सोंग चांगलं वठलं तर आपण पैसे देतो. एम्युलेटर म्हणजे हेच. आत साधा छोटा कॉम्प्युटर, त्यावर सॉफ्टवेअर, ते जुन्या मशीनचं सोंग घेतं. आणि इथेच ‘ओरिजिनल’ शब्दाची पंचाईत होते, कारण खुद्द निन्टेंडोने २०१६ मध्ये ३० गेमचा जो एनईएस क्लासिक काढला (एनईएस म्हणजे फॅमिकॉमचंच परदेशातलं नाव) त्यातही जुनी चिप नाहीच, लिनक्सवर चालणारं सोंगच आहे. पण वठलेलं! (कंट्रोलरची वायर मात्र एवढी आखूड की टीव्हीच्या पायाशी बसावं लागतं.) तुम्हाला ऑनलाइन दिसणारी ती टीव्हीत खुपसायची काडी, दहा हजार गेमवाली, तीही बहुरूपीच, फक्त तिच्यातले गेम कोणाला न विचारता भरलेले असतात. म्हणजे सोंग चांगलं की वाईट हा एक प्रश्न आणि माल चोरीचा की हक्काचा हा दुसरा, आणि ‘फर्स्ट कॉपी’ या शब्दात हे दोन्ही एकत्र कालवले जातात, माझा राग त्यावर आहे.

घराणं मोठं म्हणून सोंग चांगलं असंही नाही. सोनीचा प्लेस्टेशन क्लासिक डिसेंबर २०१८ मध्ये आला, २० गेम, त्यातले ९ चक्क ५० हर्ट्झवाले, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे संथ युरोपीय, आणि आतला एम्युलेटर बाहेरचा, फुकट मिळणारा. अस्सल कंपनीची सही असलेली नक्कल, पण बरहुकूम नाही.

तिसरी जात कमी दिसते, ती भाषांतराची. अटारी या जुन्या अमेरिकन गेम कंपनीच्या नावाचा २००४ चा पहिला अटारी फ्लॅशबॅक घ्या. नाव अटारीचं, खोकं अटारीचं, पण आत फॅमिकॉमच्या जातीची चिप, आणि अटारीचे गेम तिच्यासाठी नव्याने लिहून घेतलेले, त्यामुळे जाणकारांना चालण्याबोलण्यात फरक लगेच कळला. पुढच्या वर्षीच्या फ्लॅशबॅक २ मध्ये मग अटारीच्या खऱ्या जुन्या मशीनचं, म्हणजे २६०० चं सर्किट एका चिपवर उतरवलं. त्याच २००४ मध्ये जेरी एल्सवर्थ या बाईंनी अख्खा कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, एका चिपमध्ये बसवून जॉयस्टिकच्या आत घातला, ३० गेमसकट. दिसायला जत्रेतलं खेळणं, पण आतलं काम इतकं चोख की हौशी लोकांनी उघडून त्याला कीबोर्ड जोडले. तलाठ्याचा शेरा मारायचाच तर मी फ्लॅशबॅक २ आणि या जॉयस्टिकवर मारीन.

तर ताई, तुमच्या डब्याला काय म्हणायचं? पिवळी-लाल-पांढरी वायर असेल आणि खोक्यावर लाखांत गेम लिहिले असतील तर तोतया. एचडीएमआय असेल तर बहुतेक बहुरूपी, मग सोंग किती वठलंय ते बघा, बटण दाबल्यावर मारिओ लगेच उडतो की विचार करून उडतो. सोबत बंदूक दिली असेल तर तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका, ती जुन्या पद्धतीची बंदूक फुगीर काचेच्या टीव्हीवरच चालायची, सपाट टीव्हीवर त्या शिकारीच्या गेममधलं बदक मरत नाही.