तीन कुलुपांची पेटी

प्रश्न : आफ्रिकेतील दानकार्याविषयी वाचताना युरोप-अमेरिकेतून जाणाऱ्या मदतीचेच उल्लेख आढळतात. तेथील सामान्य माणसे आपल्या गरजांसाठी आपसांत पैसा उभा करत नाहीत का, की दानाची सुरुवातच तेथे अलीकडच्या उद्योगपतींपासून झाली?

उत्तर : उद्योगपतींचे दान मोठे आहे, यात शंका नाही. नायजेरियाचे आलिको डांगोटे यांनी २०१४ मध्ये आपल्या प्रतिष्ठानाकडे १.२५ अब्ज डॉलर वर्ग केले. त्याआधी, २०१३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे पॅट्रिस मोत्सेपे यांनी कुटुंबाच्या मालमत्तेतून येणाऱ्या पैशांपैकी निदान अर्धा वाटा समाजासाठी देण्याचा संकल्प जाहीर केला. मात्र या झाल्या बातमीत येणाऱ्या रकमा. त्यांच्या कितीतरी आधीपासून जो पैसा तेथे हातोहात फिरत आला आहे, तो कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून तो नाहीच, असा बाहेरच्यांचा समज होऊन बसला.

इथिओपियातील ‘इद्दिर’ घ्या. वस्तीतील घरे दर महिन्याला ठरावीक वर्गणी भरतात, आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला की दफनाचा खर्च, समाचाराला येणाऱ्यांसाठी मांडव, बाकडी आणि मोठी भांडी हे सारे इद्दिरकडून येते. शिवाय त्या घरी जाऊन बसणे हेही सभासदाचे कर्तव्यच मानले जाते. आज वर्गणी भरणाऱ्याच्याच दारात उद्या तो मांडव उभा राहणार असतो, त्यामुळे येथे दाता कोण आणि याचक कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही.

नायजरमधील मारादी भागात १९९१ मध्ये केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने बायकांच्या भिशीसारख्या जुन्या पद्धतीला नवी शिस्त लावली. हौसा भाषेत या गटांना ‘माता मासु दुबारा’ म्हणतात. गटाची लोखंडी पेटी असते, तिला तीन कुलुपे असतात आणि तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे असतात; त्यामुळे सगळ्यांच्या देखत बैठकीत बसल्याशिवाय ती उघडताच येत नाही. सुरुवातीच्या अनेक गटांत कुणालाही लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून कुणी किती भरले आणि कुणाकडे किती कर्ज थकले, हा हिशेब साऱ्याजणी तोंडपाठ ठेवत. माझ्या मते या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुलुपे नव्हेत, तर त्या पेटीत बाहेरचा एकही पैसा पडत नाही, ही आहे. कर्ज कुणाला द्यायचे, व्याज किती घ्यायचे आणि वर्षाअखेरीस वाटप कसे करायचे, हे सांगण्याचा अधिकार त्यामुळेच दुसऱ्या कुणाकडे जात नाही.

प्रश्न : पैशाचे समजले. परंतु पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घातक रूढी मोडायची असेल, तर बाहेरचा दबाव किंवा कायदा लागतोच ना?

उत्तर : सेनेगलमधील मालिकुंदा बंबारा या गावाचा अनुभव याचे सरळ ‘हो’ असे उत्तर देऊ देत नाही. तेथील स्त्रियांनी तोस्तान या संस्थेच्या वर्गांत आपल्याच भाषेतून आरोग्याचे आणि हक्कांचे शिक्षण घेतले होते. वोलोफ भाषेतील ‘तोस्तान’ या शब्दाचा अर्थ अंडे फुटून पिल्लू बाहेर येणे असा आहे. ही संस्था १९९१ मध्ये सुरू करणाऱ्या मॉली मेल्चिंग अमेरिकन होत्या, हे येथे लपवण्याचे कारण नाही. ३१ जुलै १९९७ रोजी या स्त्रियांनी मुलींचा खतना, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा, यापुढे पाळणार नाही, असे पत्रकारांसमोर जाहीर केले, आणि आसपासची गावे संतापली.

पुढचे वळण अधिक बोलके आहे. जवळच्या केर सिंबारा गावचे इमाम देंबा दियावारा यांनी दाखवलेली अडचण व्यवहाराची होती. सोयरीक एका गावात होत नाही, ती अनेक गावांत पसरलेली असते. एकट्या गावाने प्रथा सोडली तर त्या गावच्या मुलींना स्थळे कोण देणार? त्यामुळे वयस्कर इमाम स्वतः नातेवाइकांच्या गावोगावी पायी हिंडले आणि प्रत्येक ठिकाणी बसून बोलले. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू येथे १३ गावांनी एकत्र येऊन प्रथा सोडल्याची घोषणा केली. बंदीचा कायदा त्यानंतर, जानेवारी १९९९ मध्ये, आला. प्रथा देशातून नाहीशी झाली असे मुळीच नाही. पण लग्नाच्या बाजाराचे हे गणित बाहेरून आलेल्या कुठल्याही सल्लागाराला इतक्या नेमकेपणाने मांडता आले असते, असे मला वाटत नाही.

प्रश्न : अशा सामूहिक वर्गणीत सक्ती होत नाही का?

उत्तर : होते. केनियात १९६३ मध्ये देशाचे पहिले पंतप्रधान जोमो केन्याटा यांनी ‘हरांबी’, म्हणजे सारे मिळून ओढू या, ही घोषणा दिली आणि लोकांच्या वर्गणीतून शेकडो शाळा उभ्या राहिल्या. पुढे त्याच कार्यक्रमांत पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून येऊन नोटांची पुडकी दाखवू लागले, आणि अधिकाऱ्याने मागितलेल्या वर्गणीला नाही म्हणणे सामान्य माणसाला अवघड झाले. अखेर २००३ च्या लोकसेवक आचारनीती कायद्याने पदाचा वापर करून अशी वर्गणी गोळा करण्यास सरकारी सेवकांना मनाई केली. हरांबी मात्र थांबली नाही. रुग्णालयाचे बिल किंवा महाविद्यालयाचे शुल्क यांसाठी नातेवाईक आजही ती करतात; २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा आल्यापासून रक्कम तिच्यावरून येते आणि देणाऱ्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडते. त्या यादीत आपले नाव नसले, तर एखादा चुलतभाऊ ते विचारल्याशिवाय राहत नाही.