गृहकर्ज कमी व्याजाच्या बँकेत हलवून हप्त्यातले वाचलेले पैसे एसआयपीत टाकावेत का?

हलवा, पण मुदत वाढवून नाही. तुमच्या प्रश्नात 'हप्ता बराच कमी होतोय' एवढंच आहे, मुदतीचा उल्लेखच नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं कर्ज २०१८ चं, एमसीएलआरवालं, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दराला जोडलेलं. दोन वर्षांपूर्वी ३० लाख मुद्दल आणि १५ वर्षं बाकी होती, दर साडेनऊ, हप्ता ३१,३२७. माझे दीर एका एजंटला घरी घेऊन आले. दुसरी बँक, दर साडेआठ, हप्ता २६,०३५! दर महिन्याला पाच हजारांच्या वर सुटतात, ते एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने म्युच्युअल फंडात टाका, असं भाऊजींचं म्हणणं. यजमानांनी पेन उघडलंसुद्धा होतं. मी ऑफर लेटर मागितलं तर एजंट म्हणाला, "मॅडम, मी सरांना सगळं समजावलंय." कर्जावर सहअर्जदार म्हणून माझी सही आहे, निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो. कागद घेतला. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात मुदत: २४० महिने.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार केला. चालू कर्जाचे १८० हप्ते म्हणजे सुमारे ५६ लाख ३९ हजार. नवीन 'स्वस्त' कर्जाचे २४० हप्ते म्हणजे ६२ लाख ४८ हजार. दर एक टक्क्याने कमी, आणि भरायचे सहा लाखांहून जास्त. मुदत १५ वर्षांचीच ठेवली तर हप्ता २९,५४२, म्हणजे खरी बचत महिना १,७८५. उरलेले साडेतीन हजार ही बचत नव्हेच, ती पुढे ढकललेली परतफेड. ते फंडात टाकणं म्हणजे साडेआठ टक्क्यांनी उसने पैसे काढून बाजारात लावणं. भाऊजींना हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. "फंड बारा टक्के देतो" हेच त्यांचं उत्तर. देत असेल, पण हमी कोणी देत नाही, आणि हप्ता मात्र बाजार पडला तरी पाच तारखेला जातोच.

शेवटी बँक बदललीच नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराला जोडावी लागतात, पण जुनी कर्जं आपण अर्ज केल्याशिवाय जुन्याच पद्धतीवर पडून राहतात. आमच्याच शाखेत अर्ज दिला, थोडी फी भरली, दर साडेआठ झाला. हप्ता मुद्दाम ३१,३२७ च ठेवला. हाच दर राहिला तर १८० ऐवजी १६१ महिन्यांत कर्ज संपतं आणि सहा लाख वाचतात. एसआयपी मी पगारवाढीतून वेगळी चालू केली.

तेव्हा आधी स्वतःच्या बँकेत विचारा. नाहीच ऐकलं तर खुशाल हलवा. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेणं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केलंय. मात्र प्रोसेसिंग फी, वकिलाचा मालकीहक्काचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणखताचं मुद्रांक शुल्क हे सगळं नव्याने लागतं. त्यामुळे कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर या भानगडीत पडू नका, व्याजाचा मोठा भाग तोवर भरून झालेला असतो.

हो, एक राहिलं. नोकरी अस्थिर असेल, हप्ता खरंच झेपत नसेल, तर मुदत वाढवण्यात काही गैर नाही. तो आधार आहे, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. आणि जुन्या करपद्धतीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावरची २ लाखांपर्यंतची वजावट हिशेबात धरा, नव्या पद्धतीत ती मिळत नाही.

ऑफर लेटर आलं असेल तर मुदतीचा आकडा आणि उरलेले हप्ते इथे लिहा, गुणाकार मी करून देते.